समाकाचं पान आणि वलगावचा कापूस

माझ्या हातांची नखं कडेनं अजून काळी आहेत. न्हाव्यानं खरवडून पाहिली, सूनबाईंनी लिंबू चोळून पाहिलं, काही उपयोग नाही. नातू तर शाळेत सांगून आला, की आमचा आजा कोळसे खातो. या अंकाच्या संपादकांनी ती नखं बघितली आणि म्हणाले, "रंगाऱ्याच्या धंद्यातलं काही लिहून द्या." मी म्हटलं, "साहेब, कुणा नावाजलेल्या रंगाऱ्याला गाठा. माझ्याजवळ नुसत्या फजित्या आहेत." ते म्हणाले, "त्याच द्या." तेव्हा पुढं जे काही येईल त्याचा दोष त्यांच्याकडं.

मी अमरावतीत करीम उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्यांचं रंगघर म्हणजे एक लांबट अंगण, ओळीनं चुली, त्यांवर तांब्याच्या कढया, वाळवणाच्या दोऱ्या आणि कडुनिंबाखाली उस्तादांची बाज. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल, हळदीचा पिवळा, निळीचा निळा, सगळं तिथं व्हायचं. पण उस्तादांचं नाव होतं ते काळ्यासाठी. संक्रांतीला आमच्याकडं बाया चंद्रकळा नेसतात, काळं लुगडं नि लाल काठ. ती करीम उस्तादांच्या हातची आहे म्हटलं, की नेसणारीची मान दोन बोटं वर जायची.

त्या काळ्याचं सगळं मर्म एका झुडपात होतं. उस्ताद त्याला समाक म्हणत, हकीम लोकही तेच म्हणत. मेळघाटाच्या उतारावर खडकाळ जागी ते उगवतं. फार तर माणसाच्या उंचीचं, एका देठाला तीन पानं, आणि थंडीच्या तोंडाला बारीक तांबूस फळांचे घोस. फळ आंबट. डोंगरातली कोरकू माणसं वाट चालताना ती चोखत जायची. उस्तादांच्या पत्नी, आमच्या चाची, ती फळं वाळवून कुटायच्या आणि कबाबावर भुरभुरायच्या. तो वास अंगणात आला, की मी उगाच चाचींना पाणी भरून देऊ का विचारायला आत जायचो. कुणाचं पोट बिघडलं तर हकीम त्याच फळांचं पाणी प्यायला सांगायचे, तोंड आलं तर गुळण्या करायला. चामडं कमावणारे पानं न्यायचे, कारण समाकात मुरलेलं कातडं मऊ राहतं. आम्हालाही पानंच लागायची.

मी नवा होतो तेव्हा उस्तादांनी एक पान हातावर ठेवलं. म्हणाले, "चाव. आन् मंग आपलं नाव सांग." मी चावलं. तोंडाचा असा बटवा झाला, जसं काही कुणी आतून नाडी ओढली. "म्हादू" म्हणायला गेलो, तर नुसती हवा बाहेर आली. गल्लीतले सगळे रंगारी हा खेळ बघायला उभे होते, हे मला मागाहून कळलं. उस्ताद म्हणाले, "ह्या तुरटपणाले कापड धरून ठेवते, आन् तुरटपणा रंगाले धरून ठेवते. पान गोड असतं तर आपन उपाशी मेलो असतो."

पानाच्या काढ्यात कापड भिजवलं, की ते मळकट पिवळं दिसतं. कुणालाही वाटेल, झालं वाटोळं. मग ते वाळवून लोखंडाच्या पाण्यात घालायचं. गंजके खिळे, घोड्यांचे जुने नाल, त्यात गूळ नि पाणी घालून मडकं आंबत ठेवायचं, की ते पाणी तयार होतं. त्याचा वास मी इथं वर्णन करत नाही, दिवाळीचे दिवस आहेत. त्या पाण्यात पिवळं कापड उतरलं, की डोळ्यांदेखत काळं होतं. मी हजार वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी मान पुढं व्हायची.

म्हणूनच उस्तादांचा एक नियम होता. पानाची कढई अंगणाच्या एका टोकाला, लोखंडाचं मडकं दुसऱ्या टोकाला. एकाचा हात दुसऱ्याला लागता कामा नये. वेळेआधी दोघं भेटले, की जिथं भेटतील तिथं डाग, आणि तो डाग माणसाबरोबरच जातो.

याचा पुरावा म्हणून नथ्थूशेठ दलालांची मिशी सांगतो. नथ्थूशेठ कापसाच्या बाजारातले मोठे दलाल. गाडीतल्या कापसात हात घालून तो पारखायचा नि भाव बोलायचा, हे त्यांचं काम. मुंबईचे व्यापारी अमरावतीला यायला लागले, तसं शेठजींना आपल्या पांढऱ्या मिशा खटकायला लागल्या. समाक नि लोखंडानं केसही काळे होतात, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. उस्ताद नेमके नमाजाला गेलेले. मी म्हटलं, "बसा ना शेठ, आत्ता करून देतो." आधी काढा चोपडला, मग लोखंडाचं पाणी. मिशी अशी झकास काळी झाली की विचारू नका. पण काढा ओघळून ओठावर आला होता, नाकाखाली नि हनुवटीवरही आला होता, हे मी लोखंडाचं पाणी लावल्यावर बघितलं. शेठजी कितीतरी दिवस तोंडावर उपरणं धरून भाव बोलत होते. लोकांना वाटलं, शेठनं धर्माचं काही व्रत घेतलंय. उस्तादांनी मला एवढंच विचारलं, "म्हादू, तुले मानूस रंगवाले कोन सांगितलं होतं बे?"

असे दिवस चालले होते, आणि तेवढ्यात कापसाला सोन्याचे दिवस आले. तिकडं अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडाकडं सगळ्यांचे डोळे लागले. रेल्वे अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. ज्याच्याकडं दोन बैल नि दोन चाकं, तो कापूस भरून पश्चिमेची वाट धरू लागला. गावोगाव नवे सदरे, नव्या घुंगरमाळा. आमच्या गल्लीत मात्र शुकशुकाट. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, म्हणून उलगडून सांगतो.

वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बायांना मजुरी म्हणून वेचलेल्या कापसातलाच वाटा मिळायचा. त्या तो घरी न्यायच्या, हातानं फिरवायच्या लाकडी रेच्यावर सरकी काढायच्या, चरख्यावर सूत कातायच्या. ते सूत कोष्ट्यांकडं जायचं, त्याचं कापड विणलं जायचं, आणि ते कापड आमच्या कढईत यायचं. आता भाव असा चढला, की बाया वाट्याचा कापूसही थेट बाजारात नेऊ लागल्या. त्यांनी तरी का नेऊ नये? पण सूत थांबलं. आमच्या शेजारचा शंकर कोष्टी रिकाम्या मागावर मांजराचं पिल्लू निजवू लागला. चहूकडं कापसाचे ढीग, आणि आमच्याकडं रंगवायला धोतराची पट्टी नाही.

त्यात समाक आणून देणारा गाडीवानही कापसाच्या वाहतुकीला लागला. एक दिवस उस्ताद म्हणाले, "अकोल्याले जावई बलावून राह्यला. तिथं कापूस दाबाचा कारखाना निघाला. गासड्या मोजाचं काम देतो म्हनते. संक्रांतीच्या कापडाची कढई चढली तं ठीक. नाई तं मी चाललो."

उस्ताद आणि गासड्या मोजणार! ज्या माणसानं काळ्या रंगातली तांबूस झाक अंधुक उजेडात ओळखली, तो पांढरे गठ्ठे मोजत बसणार! मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "उस्ताद, समाक मी आनतो."

"कपडाच नाई तं समाक काय डोक्यावर घालशील?"

मला वाटलं, रंग तयार असला की कापड आपोआप येईल. जेवण मांडून ठेवलं की पाहुणे येतात, तसं. या विचारात कुठं तरी भोक आहे हे तेव्हाही जाणवत होतं, पण पाय निघाले होते.

डोंगरातल्या पराक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. मी समाक समजून एका झाडाला हात घालणार, तेवढ्यात एक कोरकू म्हातारा ओरडला. ते बिब्ब्याचं झाड होतं. त्याचा चीक लागला असता तर मी फुगून उस्तादांनाही ओळखू आलो नसतो. समाकाचं नात्यातलंच झाड ते, पण घरातला भांडकुदळ भाऊ म्हणायचा. म्हाताऱ्यानं खरी झुडपं दाखवली, नि मी पोतंभर पानं ओरबाडली. वर थोडे फळांचे घोसही घेतले, चाचींसाठी. म्हणजे कबाबांसाठी.

उतरताना परतवाड्याला नालबंदाकडं घोड्यांचे गंजके नाल फुकट पडलेले दिसले. लोखंडाच्या पाण्याला उत्तम! पोतं एकच होतं. मी ते नाल पानांतच कोंबले. कोरडं पान, कोरडं लोखंड, काय होतंय?

बांबू भरलेल्या एका गाडीनं वलगावपर्यंत आलो. गाडी तिथंच थांबली. पुढं अमरावतीला जायला, जी ती गाडी कापसाची. शेवटी वेशीजवळ एक गाडी जुंपताना दिसली. गाडीवर कुणी पुरुष नव्हता. गयाबाई नावाची एक उंच, काळीसावळी बाई कासरा धरून उभी होती. तिचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईच्या वाटेला गेला होता. गाडीत तिचा नि गावातल्या वेचणाऱ्या बायांचा वर्षाचा वाटा होता. सोबत तिची जाऊ पारबती.

"काय हाय पोत्यात?" गयाबाईनं विचारलं.

"पाला हाय, माय."

"कशाचा?"

"रंगाचा."

"मंग जमत नाई, भाऊ. कापसाच्या गाडीत रंग? तुले काई समजते का नाई?"

"मांडीवर धरून बसतो. कापसाले हात लावत नाही."

पारबती म्हणाली, "बसू दे वं बाई. तोंडावरून तं बावळाच दिसते."

या शिफारशीवर मला जागा मिळाली.

अर्ध्या वाटेवर आभाळ भरून आलं. मार्गशीर्षात कसला पाऊस! पण आला, नि चांगला बदाबदा आला. बायांनी झटपट घोंगड्या काढून कापसावर टाकल्या आणि त्या बैलांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी मांडीवरच्या पोत्याकडं बघितलं. पानं भिजली तर त्यांतला तुरटपणा इथंच वाहून जाणार, आणि उस्ताद अकोल्याला. दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण मी घोंगडीची कड उचलली, दोन्ही हातांनी कापूस बाजूला केला आणि पोतं आत, अगदी खोल सारलं. वरून कापूस नीट लावला. मनात म्हटलं, म्हादू, हुशार आहेस.

घोंगड्या जुन्या होत्या. पाऊस त्यांतून हळूहळू आत गेला, पोत्यात गेला, पानांत मुरला, नालांवरून ओघळला आणि पुढं निघाला. जे काम आम्ही अंगणाची दोन टोकं राखून, दिवस घालवून करायचो, ते त्या पोत्यानं चालत्या गाडीत करून टाकलं. आणि मी वर बसून बायांना सांगत होतो, की पाऊस थांबला, आता काळजी नाही.

बाजारात ऊन पडलं होतं. गाड्यांच्या रांगेत आमचा नंबर लागला, आणि समोर उपरणं सावरत कोण यावं, तर नथ्थूशेठ. मी मान खाली घातली. शेठजींनी घोंगडी दूर केली. वरचा कापूस दुधासारखा. गयाबाईच्या चेहऱ्यावर, आता बोल भाव, असं लिहिलेलं. दलाल वरच्या कापसावर भाव बोलत नसतो. त्यांनी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

हात बाहेर आला. मुठीतला कापूस काळा, हात काळा, बाहीची कड काळी.

मी पुढं झालो. "चिखल आहे, शेठ. पाऊस होता ना. धुतला की जातो."

शेठजींनी आपल्या बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा बोटांकडं. त्यांचा दुसरा हात आपोआप वरच्या ओठावर गेला.

"चिखल?" ते म्हणाले. "हा चिखल मी तोंडावर घेऊन फिरलो हाये, बापा. हा जात नसते!"

आजूबाजूचे गाडीवान गोळा झाले. गाडी उपसली. मधोमध माझं पोतं, त्याच्याभोवती काळा कापूस, त्याच्याभोवती पिवळा, नि उरलेल्यात ओघळ. एकानं म्हटलं, गादीतही कुणी भरणार नाही. दुसरा म्हणाला, बैलाखाली अंथरा. पारबती तिथंच मातीत बसली. गयाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. सगळा कापूस तिनं परत गाडीत भरला आणि मला विचारलं, "कोठी राह्यतं तू?"

"रंगाऱ्यांच्या गल्लीत."

"चाल."

रंगघरात आलो तेव्हा उस्तादांनी कढया उपड्या घातल्या होत्या. कारण विचारायची गरज नव्हती. जावयाची गाडी दुसऱ्या दिवशी सामान न्यायला येणार होती. चाची मसाल्याच्या बरण्या फडक्यात बांधत होत्या.

गयाबाई सरळ बाजेपुढं जाऊन उभी राहिली. "चाचा, हा मानूस तुमचा का?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणायची सोय होती. "हाव," ते म्हणाले, "माहाच."

"त्यानं आमचा कापूस नासवला. आमच्या बायायचा वाटा होता. आता तुमीच सांगा, आमी घरी काय तोंड दाखवाव?"

उस्ताद उठले. गाडीतला काळा कापूस घेतला, हुंगला, तंतू ओढून बघितला. लोखंड जास्त झालं तर ते धागा खातं. बराच वेळ त्यांची बोटं चालत राहिली. मग त्यांनी माझं पोतं उघडलं. पानांत अडकलेले नाल एकेक काढून माझ्या हातात ठेवले.

"पान आन् लोखंड एकाच पोत्यात," ते म्हणाले. "म्हादू, तू रंगारी हाय का खिचडी शिजवनारा?"

बोलायला तोंड होतं कुठं? समाक न चावताच बटवा झाला होता.

उस्ताद गयाबाईकडं वळले. "धागा मेला नाई, बाई. सूत निघते याचं. कातता येते ना?"

"येते. पन चरखे माळ्यावर टाकले आमी."

"उतरवा."

तेव्हा गयाबाईचा आवाज चढला. "उतरवा म्हनाले काय जाते! ह्या पारबतीले तोडे कराचे होते. बाकीच्यायनं काय काय ठरवून ठेवलं. जलमात पहिल्यांदा बाईच्या वाट्याले भाव आला, आन् तुमी म्हनता चरखा उतरवा?"

उस्ताद चुलीपाशी गेले, वाकले, आणि एक कढई उताणी केली. तिच्या तळाला टिचकी मारली.

"रोकडा माह्यापाशी नाई," ते म्हणाले. "रंग हाये. कातनं तुमचं, विननं शंकरचं, रंगवनं माहं. संक्रांतीले जे लुगडं बिकेल, त्याचा आदी तुमचा हिस्सा, मंग आमचा. नाई बिकलं, तं ह्या कढया तांब्याच्या हाये. घेऊन जा."

चाचींनी आतून ते ऐकलं. त्यांनी बरण्यांची गाठ सोडली की नाही ते मी बघितलं नाही, पण फडकं झटकल्याचा आवाज आला. गयाबाईनंही कढईच्या तळाला टिचकी मारून बघितली. मग म्हणाली, "आन् ह्याले काय काम?" ह्याले म्हणजे मला.

"जे सांगसाल ते," उस्ताद म्हणाले.

त्या 'जे सांगसाल ते'चा अर्थ मला वलगावला कळला. डागाळलेला कापूस पेढी नदीवर नेऊन धुवायचा, पिळायचा, खडकावर वाळवायचा. मग दिवसभर रेचा फिरवून सरकी काढायची. भोवती बाया सूत कातत बसलेल्या. एकीचं तोंड थांबलं, की दुसरीचं सुरू.

"काहून गा, रंगारी भाऊ, पोतं कोठी हाय आज?"

"अवं, त्याले पावसाचं नको इचारू, लाजते."

"ह्याची बायको भाग्याची. लुगडं धुवाले टाकलं पांढरं, आलं काळं, फुकटात!"

माझं लग्न व्हायचं होतं. त्या दिवसांत ते होईल असंही वाटेना. पण खरं सांगायचं तर, चरख्यांची ती घरघर, हातावर येणारं ते कोमट ऊन, मधूनच कुणी तरी पुढं सारलेली भाकरी नि ठेचा, हे आठवलं की अजून मला वलगावला जावंसं वाटतं. त्या बायांनी मला शिव्या दिल्या, पण उपाशी ठेवलं नाही. फक्त पारबती बोलत नव्हती. ती माझ्याकडं पाठ करून कातायची, आणि तिचं सूत सगळ्यांत बारीक असायचं.

शंकर कोष्ट्यानं मांजराचं पिल्लू उठवलं. माग पुन्हा खडखडू लागला. उस्तादांनी पानं निवडली, धुवून घेतली, काढा चढवला. माझ्या हाती जळण सोडून काही द्यायचं नाही, असं चाचींना बजावून ठेवलं होतं.

पहिलं लुगडं लोखंडाच्या पाण्यातून निघालं, धुवून दोरीवर पडलं, आणि उस्ताद ते बघून बाजेवर जाऊन बसले. रंग चढला होता, पण सारखा नव्हता. ज्या सुतानं गाडीतच समाक पिऊन घेतला होता, ते जास्त काळं झालं होतं, बाकीचं कमी. सगळ्या लुगड्यावर बारीक बारीक ठिपके विखुरलेले.

"हा माहा काळा नोहे," उस्ताद म्हणाले. "माह्या नावानं हे जाऊ शकत नाई."

त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बुडवायचं होतं. पण तेवढ्या बुड्या दिल्या तर लोखंडानं धागा कुजला असता, हे त्यांनाच ठाऊक होतं. संक्रांत तोंडावर. हाताशी लोखंडाच्या पाण्याचं एकच मडकं राहिलेलं. मी चुलीशेजारी उभा राहून जाळ बघत होतो. उपड्या कढया, अकोला, गासड्या, सगळं डोळ्यापुढं परत यायला लागलं.

गयाबाई सुताची शेवटची लडी घेऊन आली होती. ती दोरीपाशी गेली. लुगड्याचा पदर दोन्ही हातांत धरून उन्हाकडं केला.

"काहून बसले चाचा?"

"ठिपके आले, बाई."

"मंग?"

"मंग काय? काळा कसा पाह्यजे? एकसारखा."

"तुमी रात्री आभायाकडे पाह्यता का नाई? तेथी कोठी एकसारखं असते?" तिनं पदर खांद्यावर टाकून बघितला. "हे मी नेसन. मी नेसली तं वलगावच्या साऱ्याजनी नेसतीन. तुमी उगाच डुबक्या नका देऊ."

उस्तादांना ते पटलं, असं मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत पटलं नव्हतं. पण त्यांनी दुसरं लुगडं तसंच काढलं, आणि तिसरंही.

त्या साली वऱ्हाडात पैसा होता आणि कापड नव्हतं. दुकानांत विलायती कापड होतं, पण संक्रांतीची चंद्रकळा विलायतेत कोण विणणार? वलगावच्या बाया ठिपक्यांची चंद्रकळा नेसून बाजारात आल्या, आणि रंगाऱ्यांच्या गल्लीत पुन्हा गर्दी झाली. त्या गर्दीत एक दिवस नथ्थूशेठ आले, पुढं त्यांची बायको. शेठाणीबाईंनी लुगडं उलटंपालटं केलं नि मला विचारलं, "रंग जाईल का रे?"

मी अदबीनं म्हटलं, "त्याची खात्री शेठजी देतील."

शेठजींनी आधी माझ्याकडं, मग आभाळाकडं बघितलं. "नाई जात," ते म्हणाले. "घे."

आज दुकानात डब्यातली विलायती पूड मिळते. चिमूटभर टाकली की काळा तयार, आणि एका पावसात परत पांढरा. मीही ती वापरली. समाकाला डोंगरात कुणी विचारत नाही, शेळ्या तेवढ्या ओळखत असतील. आल गेली, नीळ जायच्या वाटेवर आहे. नव्या पोरांना पान चावायला दिलं तर ते मला वेडा म्हणतील. पण ते असो.

वलगावच्या बायांना त्यांचा हिस्सा मिळाला. तो कमी नव्हता, पण त्या दिवशी बाजारात कापूस विकला असता तर मिळाला असता तेवढाही नव्हता. उस्तादांनी ते लपवलं नाही नि मीही लपवत नाही. पारबतीचे तोडे झाले नाहीत. पुढं लढाई संपली, भाव पडला, आणि तशी संधी तिच्या वाट्याला परत आली नाही. तिनं माझ्याशी कधी बोलायला सुरुवात केली नाही. तिचं बरोबर होतं.

उस्ताद मात्र अकोल्याला गेले नाहीत. कढई चढलेली होती, ती उतरली नाही. पुढचा हंगाम आला, तेव्हा भाव अजून चढताच होता. मी धाकधूक मनात ठेवून वलगावला गेलो. वाट्याचा कापूस या खेपेलाही बाजारातच जाणार, असं धरून चाललो होतो. गयाबाईनं वाट्याच्या कापसाचे दोन ढीग केले होते. एक तिनं आधीच दुसऱ्या गाडीत भरून बाजाराच्या वाटेला लावला होता. दुसरा कातून झाला होता, त्याच्या लड्या पाटीत रचून ठेवल्या होत्या. शेजारी कापसाचे दोन बोजे उरलेले.

"सूत चाचाले दे," ती म्हणाली. "हा उरलेला कापूस शंकरच्या बायकोले दे, तिच्या घरी कातनारे हात हाये. आमच्यानं यंदा एवढंच होते."

मी म्हटलं, "माय, एवढंच कशाले, लय झालं." आणि गाडीचं जू धरून वर चढायला पाय उचलला.

"ए बापा," गयाबाईनं माझा सदरा मागून धरला. "तू पाईच ये."

गाडी निघाली. गयाबाई वर कासरा धरून, तिच्या मागं पांढरे बोजे नि सूत, आणि चार हात मागं पायी मी, रिकाम्या हातांनी, वलगावपासून अमरावतीपर्यंत. वाटेत दोन-तीनदा तिनं मागं वळून बघितलं. मी हात वर करून दाखवत गेलो, की बाई, काही नाही, मोकळेच आहेत.